पिठाच्या पोत्यावरील कशिदा

अमेरिकेच्या आयोवा राज्यात वेस्ट ब्रँच नावाचे एक लहानसे गाव आहे. अमेरिकेचे ३१ वे राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूव्हर यांचा जन्म १८७४ साली याच गावी झाला आणि १९६२ साली त्यांच्या नावाचे ग्रंथालय व संग्रहालय येथेच उभे राहिले. राष्ट्राध्यक्षाचे संग्रहालय म्हटले की करारपत्रे, पदके, मानपत्रे अशा वस्तू आपल्या डोळ्यांसमोर येतात. या संग्रहालयाने मात्र एक अगदी निराळी वस्तू मोठ्या संख्येने जपून ठेवली आहे. ती म्हणजे पिठाची रिकामी पोती.

ही पोती साध्या सुती कापडाची आहेत. त्यांच्यावर अमेरिकेतील पिठाच्या गिरण्यांची नावे, गावांची नावे, पिठाचे वजन असा नेहमीचा व्यापारी मजकूर छापलेला आहे. परंतु जरा जवळून पाहिले म्हणजे असे दिसते, की त्या छापील अक्षरांवरून कोणीतरी रंगीत दोऱ्याने बारीक कशिदा काढला आहे. कुठे बेल्जियमचा सिंह आहे, कुठे अमेरिकेचा गरुड, कुठे दोन्ही देशांचे ध्वज. काही पोत्यांच्या कडांना नाजूक लेस लावली आहे. काहींवर कृतज्ञतेचे शब्द विणले आहेत. काहींवर तर चित्रकारांनी तैलरंगांत चित्रे रंगविली आहेत.

पीठ संपल्यावर फेकून द्यायची वस्तू इतक्या निगुतीने कोणी सजविली, कशासाठी सजविली, आणि ती संग्रहालयात कशी आली? या प्रश्नांची उत्तरे शोधू लागलो, की पहिल्या महायुद्धाची एक बाजू आपल्यासमोर उलगडू लागते. रणांगणापासून दूर, घराघरांत, चुलीपाशी आणि पावाच्या दुकानासमोरच्या रांगेत माणसे जे युद्ध सोसत होती, त्याची ही कथा आहे.

पावाचा प्रश्न

बेल्जियम हा युरोपातील एक छोटा देश. १८३९ च्या कराराने मोठ्या सत्तांनी त्याच्या तटस्थतेची हमी दिली होती. तरीही ४ ऑगस्ट १९१४ रोजी जर्मन सैन्य या देशात शिरले. फ्रान्सवर चाल करून जाण्यासाठी जर्मनीला हा मार्ग सोयीचा वाटला होता. २० ऑगस्टला राजधानी ब्रुसेल्स पडली आणि ऑक्टोबरमध्ये अँटवर्प हे मोठे बंदर जर्मनांच्या हाती गेले. समुद्रालगतचा एक लहानसा कोपरा सोडला, तर सारा देश जर्मनांच्या ताब्यात आला. त्या कोपऱ्यालगत, ईप्र या नगराच्या परिसरात, १९१४ च्या ऑक्टोबरपासून भारतीय सैनिकही ब्रिटिश सैन्याच्या बाजूने लढत होते.

बेल्जियमची लोकसंख्या त्या वेळी सुमारे ७५ लाख होती. देश उद्योगप्रधान होता. कोळशाच्या खाणी, पोलादाचे कारखाने, कापडाच्या गिरण्या यांवर लोकांचा चरितार्थ चाले आणि पावासाठी लागणाऱ्या धान्याचा फार मोठा भाग परदेशांतून येई. कारखान्यात तयार झालेला माल बाहेर जायचा आणि त्या पैशांतून धान्य आत यायचे, असे हे चक्र होते. युद्धाने हे चक्र एकाएकी थांबविले. कारखाने बंद पडले, आगगाड्या सैन्याच्या कामी लागल्या. शेतातले पीक आणि कोठारातले धान्य यांवर परकीय सैन्याची नजर होती. त्यातच ब्रिटिश नौदलाने जर्मनीची आणि जर्मनव्याप्त प्रदेशाची नाकेबंदी केली. त्यामुळे समुद्रमार्गे येणारे धान्यही बंद झाले.

श्रीमंत आणि सुधारलेला समजला जाणारा हा देश अवघ्या काही आठवड्यांत उपासमारीच्या काठावर येऊन उभा राहिला. अन्नाचा साठा आपल्या घरात नसेल, तर त्याची वाट किती नाजूक असते, हे या प्रसंगावरून ध्यानात येते.

दोन शत्रूंची संमती

बेल्जियमच्या जनतेला अन्न द्यायचे कोणी, हा खरा पेच होता. ब्रिटनचे म्हणणे असे, की ज्याने देश जिंकला त्यानेच तेथील जनतेला खाऊ घालावे; बाहेरून धान्य पाठविले तर ते शेवटी जर्मन सैन्याच्याच पोटात जाईल. जर्मनीचे म्हणणे असे, की नाकेबंदी ब्रिटनने केली आहे. तेव्हा लोक उपाशी राहिले तर त्याचा दोष ब्रिटनकडे जातो. दोघांच्या या युक्तिवादात सामान्य माणसाचे ताट रिकामेच राहत होते.

अशा वेळी हर्बर्ट हूव्हर पुढे आले. ते तेव्हा ४० वर्षांचे होते. लहानपणीच आईवडिलांचे छत्र हरपलेला हा मुलगा शिकून खाणकामाचा अभियंता झाला होता. चीन, ऑस्ट्रेलिया अशा अनेक देशांत काम करून त्याने मोठी संपत्ती मिळविली होती. युद्ध सुरू झाले तेव्हा हूव्हर लंडनमध्ये राहत होते. ब्रुसेल्समधील नागरिकांचे प्रतिनिधी धान्याच्या शोधात लंडनला आले आणि २२ ऑक्टोबर १९१४ रोजी बेल्जियमच्या मदतकार्यासाठी एका आयोगाची स्थापना झाली. हूव्हर त्याचे प्रमुख झाले. अमेरिका त्या वेळी युद्धात उतरलेली नव्हती. त्यामुळे तटस्थ देशाचा नागरिक म्हणून ते लंडनमध्येही बोलू शकत होते आणि बर्लिनमध्येही.

वाटाघाटी सोप्या नव्हत्या. अखेरीस जर्मनीने असे वचन दिले, की आयोगाने आणलेल्या धान्याला आपले सैन्य हात लावणार नाही. ब्रिटननेही आयोगाच्या जहाजांना नाकेबंदीतून वाट देण्याचे मान्य केले. मदतीची जहाजे दुरून ओळखता यावीत म्हणून त्यांच्यावर मोठ्या अक्षरांत आयोगाचे नाव लिहिलेले असे. ही जहाजे तटस्थ हॉलंडच्या रॉटरडॅम बंदरात येत. तेथे माल उतरवून तो मालवाहू होड्यांतून कालव्यांच्या मार्गाने बेल्जियमच्या गावोगावी जाई. ब्रुसेल्समधील अमेरिकेचे राजदूत ब्रँड व्हिटलॉक आणि इतर तटस्थ देशांचे प्रतिनिधी या कामाचे संरक्षक होते. धान्य ठरलेल्या ठिकाणीच पोहोचते आहे ना, यावर देखरेख ठेवण्यासाठी काही तरुण अमेरिकन प्रतिनिधी बेल्जियममध्ये राहिले. त्यांत ऑक्सफर्ड येथे शिकणारे विद्यार्थीही होते.

परंतु मूठभर परदेशी तरुण लाखो माणसांना जेवू घालू शकत नाहीत. प्रत्यक्ष वाटपाचे काम बेल्जियमच्या लोकांनी स्वतःच उभारले. एमिल फ्रँकी या बँक व्यवसायातील कर्तबगार गृहस्थांच्या नेतृत्वाखाली एक राष्ट्रीय समिती स्थापन झाली. तिच्या शाखा प्रांतोप्रांती आणि गावोगावी पसरल्या. नगराध्यक्ष, शिक्षक, धर्मगुरू, पावाचे भट्टीवाले, गृहिणी असे हजारो लोक त्यात सामील झाले. ज्यांच्यावर संकट कोसळले होते, तेच मदतकार्याचे हातपाय झाले.

घरोघरचे युद्ध

वाटपाची रीत मोठी विचारपूर्वक ठरविली होती. ज्यांच्याजवळ पैसे होते, त्यांनी ठरावीक दराने पीठ किंवा पाव विकत घ्यावा. त्या विक्रीतून जी शिल्लक राही, ती ज्यांच्याजवळ काहीच नाही त्यांच्या मदतीसाठी खर्च होई. म्हणजे धान्याची एकच वाट दोन कामे करी. प्रत्येक कुटुंबाला शिधापत्रक दिलेले होते आणि त्यावरील नोंदीनुसारच पाव मिळे. भट्टीवाल्याला मिळालेले पीठ किती आणि त्याने भाजलेले पाव किती, याचा हिशेब द्यावा लागे.

ब्रुसेल्समध्ये रोज सकाळी सार्वजनिक स्वयंपाकघरांतून सार आणि पाव वाटला जाई. भांडे हातात घेऊन माणसे रांगेत उभी राहत. कालपर्यंत ज्याच्या हाताखाली दहा माणसे राबत होती, असा कारागीरही त्या रांगेत असे. लहान मुलांसाठी वेगळी भोजनगृहे होती. ती चालविणाऱ्या एका संस्थेचे नाव ‘चिमुकल्या मधमाश्या’ असे होते. अशक्त मुलांना तेथे दूध, बिस्किटे, गरम जेवण मिळे.

मध्यमवर्गीयांची अडचण आणखी निराळी होती. शिक्षिका, कारकून, छोटे व्यापारी, वृद्ध कलावंत यांचे उत्पन्न थांबले होते. पण रांगेत उभे राहण्यास मन धजत नव्हते. शेजाऱ्याने पाहिले तर काय म्हणेल, या विचाराने ते उपाशी राहणे पत्करीत. अशा लोकांसाठी ब्रुसेल्समध्ये स्वतंत्र व्यवस्था करण्यात आली. गाजावाजा न होता, नाव बाहेर न फुटता त्यांच्यापर्यंत मदत पोहोचविली जाई. भूक पोटाला लागते, तशी लाज मनाला लागते. दोहोंचा विचार करणारी मदतच खरी मदत ठरते, हे त्या कार्यकर्त्यांनी ओळखले होते.

युद्ध जसजसे लांबत गेले, तसतसा घरातील एकेका वस्तूवर त्याचा हात पडू लागला. जर्मन अधिकाऱ्यांनी घरांतली तांब्याची भांडी मागितली, पुढे गाद्यांमधली लोकरही काढून घेतली. १९१६ च्या ऑक्टोबरपासून बेल्जियममधील सुमारे १ लाख २० हजार माणसांना सक्तीच्या मजुरीसाठी नेण्यात आले. ‘यांना येथे काम नाही’ हेच त्यासाठी कारण सांगण्यात आले. बेकारी म्हणजे केवळ पैशांची चणचण राहिली नव्हती. ती माणसाला घरातून उचलून नेणारी आपत्ती झाली होती.

रिकाम्या पोत्याचा हिशेब

आता आपण पुन्हा पोत्याकडे वळू. बेल्जियममधील हलाखीची वार्ता अमेरिकेत पोहोचताच तेथील अनेक राज्यांतील लोकांनी पीठ पाठविले. मिनिआपोलिस येथील पीठगिरण्यांच्या व्यवसायाला वाहिलेल्या एका नियतकालिकाचे संपादक विल्यम एडगर यांनी गिरणीमालकांना आवाहन केले. पीठ मजबूत सुती पोत्यांत भरावे आणि पोते ४९ पौंडांचे, म्हणजे सुमारे २२ किलोंचे असावे, असे त्यांनी सुचविले. त्यामागे दोन हेतू होते. एक म्हणजे, एवढे ओझे एका माणसाला उचलता येते. दुसरा म्हणजे, रिकाम्या पोत्याचे कापड गृहिणीला कपडे शिवण्यासाठी उपयोगी पडते. देणाऱ्याने घेणाऱ्याच्या घरातील गरज आधीच ओळखली होती.

हे पीठ घेऊन ‘साउथ पॉइंट’ नावाचे जहाज १९१५ च्या फेब्रुवारीत अमेरिकेहून निघाले आणि रॉटरडॅमला सुखरूप पोहोचले. माल उतरवून परत निघाल्यावर, मार्च महिन्यात, जर्मन पाणबुडीने ते बुडविले. मदतीची ही वाट किती धोक्याची होती, याची यावरून कल्पना येते.

पीठ वाटून झाले, तरी आयोगाचा हिशेब संपत नसे. रिकामी पोतीही मोजून परत घेतली जात. याला कारण होते. सुती कापडातील कापसापासून स्फोटक दारू तयार करता येते आणि जर्मनीला त्या काळी कापसाची फार टंचाई होती. म्हणजे ज्या पोत्यातून एका मुलाचा पाव आला, त्याच पोत्यापासून दुसऱ्याच्या मुलाचा जीव घेणारा तोफगोळा होण्याची शक्यता होती. दुसरी भीती अशी, की कोणी त्याच पोत्यांत हलके पीठ भरून ते मदतीचे पीठ म्हणून विकेल. त्यामुळे पोते कोठे गेले, कोणाला दिले, याची काटेकोर नोंद ठेवणे भाग होते.

मग ही पोती शिवणकामाच्या शाळा, मठांतील कार्यशाळा आणि ब्रुसेल्स, अँटवर्प यांसारख्या शहरांत नव्याने उघडलेली मोठी शिवणघरे यांच्याकडे सोपविण्यात आली. त्या शिवणघरांत काम गेलेल्या हजारो स्त्रियांना रोजगार मिळाला. काही पोत्यांचे सदरे, झबली, एप्रन झाले. काहींच्या उश्यांच्या खोळी आणि पिशव्या झाल्या. आणि काही पोत्यांवर कशिदा काढला गेला.

सुईने लिहिलेले पत्र

बेल्जियमच्या स्त्रिया भरतकामात आणि लेस विणण्यात पिढ्यान्‌पिढ्या निष्णात होत्या. युद्धामुळे दोरा येईना आणि तयार लेस बाहेर जाईना. तेव्हा आयोगाने ब्रिटिश सरकारकडून दोरा आणण्याची आणि लेस परदेशी पाठविण्याची परवानगी मिळविली. त्यामुळे हजारो विणकर स्त्रियांची कला आणि मिळकत दोन्ही टिकली.

पोत्यांवरील कशिद्यात या कलेला एक नवे रूप मिळाले. पुष्कळदा स्त्रिया गिरणीचे छापील बोधचिन्ह पुसून टाकीत नसत. त्याच अक्षरांच्या रेषांवरून त्या दोरा फिरवीत. दूर समुद्रापलीकडील कुठल्याशा गावाचे, कधी न पाहिलेले, कदाचित नीट वाचताही न येणारे नाव त्या रंगीत टाक्यांनी सजवीत. त्याभोवती फुलांची वेल काढीत आणि बाजूला आपल्या देशाचा काळा, पिवळा, तांबडा असा तिरंगा विणीत. परकीय सत्तेच्या राज्यात आपल्या ध्वजाचे रंग उघडपणे मिरविणे सोपे नव्हते. पोत्याच्या कापडावर मात्र ते रंग हलकेच उमटत राहिले.

तयार झालेली पोती बेल्जियम, इंग्लंड आणि अमेरिका येथे विकली जात. त्यातून येणारा पैसा पुन्हा अन्नाच्या मदतीसाठी आणि युद्धकैद्यांच्या साहाय्यासाठी वापरला जाई. काही पोती आयोगाच्या कार्यकर्त्यांना भेट म्हणून दिली गेली. हूव्हर यांच्याकडे अशी शेकडो पोती जमली. वेस्ट ब्रँच येथील संग्रहालयातील ठेवा तो हाच. बेल्जियममधील काही संग्रहालयांतही अशी पोती जतन केलेली आहेत.

म्हणजे त्या पोत्याने दोन प्रवास केले. जाताना ते पीठ घेऊन गेले आणि येताना कशिदा घेऊन आले. जाताना ते कोणा एकाचे नव्हते. हजारो सारख्या पोत्यांतले एक होते. येताना त्यावर एका विशिष्ट स्त्रीचा हात उमटला होता. बहुतेक स्त्रियांची नावे आज कोणाला ठाऊक नाहीत. परंतु टाक्यांची सफाई, रंगांची निवड, एखाद्या कोपऱ्यात घातलेली तारीख यांतून त्या आपल्याशी बोलतात.

मदतीचे मोल

अमेरिका एप्रिल १९१७ मध्ये स्वतः युद्धात उतरली. तेव्हा अमेरिकन प्रतिनिधींना बेल्जियम सोडावे लागले आणि त्यांची जागा स्पेन व हॉलंड या तटस्थ देशांच्या प्रतिनिधींनी घेतली. काम मात्र थांबले नाही. ११ नोव्हेंबर १९१८ रोजी युद्धबंदी झाली आणि त्यानंतरही काही काळ मदत चालू राहिली. या काळात आयोगाने बेल्जियम आणि उत्तर फ्रान्समधील ९० लाखांहून अधिक लोकांसाठी सुमारे ५० लाख टन अन्न पोहोचविले. त्यासाठी ९० कोटींहून अधिक डॉलर खर्च झाले. यातील मोठा वाटा ब्रिटन, फ्रान्स आणि पुढे अमेरिका यांच्या सरकारांनी उचलला. जगभरच्या सामान्य माणसांच्या देणग्याही त्यात होत्या. एवढ्या मोठ्या व्यवहारात व्यवस्थापनावरील खर्च एकूण खर्चाच्या एक टक्क्याहूनही कमी राहिला, ही गोष्ट विशेष नोंद घेण्यासारखी आहे.

या कार्याला मर्यादाही होत्या. युद्धाच्या शेवटच्या वर्षांत बेल्जियममध्ये अन्न फारच अपुरे पडले, काळा बाजार वाढला आणि शहरांतील गरिबांचे हाल झाले. मदतीने युद्ध थांबले नाही, सक्तीची मजुरी टळली नाही. हूव्हर यांच्या आयुष्यातही एक विसंगती पुढे दिसून आली. परदेशातील भुकेल्यांचा कैवारी म्हणून ज्यांची कीर्ती झाली, ते राष्ट्राध्यक्ष असताना १९२९ नंतरच्या महामंदीत स्वदेशातील बेकारांना केंद्र सरकारने थेट मदत देण्यास राजी नव्हते. त्याबद्दल त्यांच्यावर कठोर टीका झाली. पुढे १९४६ साली, दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अन्नटंचाईची पाहणी करताना, ते भारतातही येऊन गेले होते.

थोर कार्य करणारा माणूस सर्वच प्रसंगी थोर ठरतो असे नाही. म्हणून एखाद्या मदतकार्याचे मोल केवळ त्याच्या नायकावरून ठरवू नये. ते कार्य कसे चालले, हे पाहावे. बेल्जियमच्या मदतकार्यात तीन गोष्टी ठळकपणे दिसतात. शत्रू असलेल्या दोन्ही पक्षांचा विश्वास राहील अशी तटस्थता कसोशीने पाळली गेली. पिठापासून रिकाम्या पोत्यापर्यंत प्रत्येक गोष्टीचा हिशेब ठेवला गेला. आणि ज्यांना मदत मिळाली, त्यांच्या हातांना काम व मनाला मान मिळेल, अशी काळजी घेतली गेली.

आज पूर, भूकंप, दुष्काळ किंवा युद्ध यांमुळे माणसे घरदार गमावतात, तेव्हा मदतीची वाहने त्यांच्याकडे धावतात. वाहनावरून पाकिटे फेकली जातात आणि खाली हात उंचावलेले असतात, असे दृश्य आपण वर्तमानपत्रांत पाहतो. त्या उंचावलेल्या हातांना शिवता येते, रांधता येते, नांगरता येते, लिहिता येते, हे आपण त्या क्षणी विसरून जातो. बेल्जियमच्या स्त्रियांनी ते कोणाला विसरू दिले नाही. त्यांच्याजवळ परत देण्यासारखे काहीही उरलेले नव्हते. तेव्हा ज्या कापडातून पीठ आले, तेच कापड त्यांनी धुतले, त्यावर टाके घातले आणि देणाऱ्याच्या दारी परत पाठविले.